डाव्या कानाचे माप

१

सकाळची कॉफी झाली की आम्ही कान बसवायचो. हा शब्द एब्बेचा, माझ्या नवऱ्याचा. तो आपली श्रवणयंत्रे घालायचा, मी माझे इअरफोन. मग तो बंदराकडे फिरायला जायचा आणि मी कामाला बसायचे. जहाजदुरुस्तीच्या आवारात आयुष्यभर पत्रे ठोकून त्याचे कान गेले होते. गेल्या नोव्हेंबरपासून मी एकटीच कान बसवते.

माझे काम बोलक्या पुस्तकांचे आहे. कोणीतरी बंद खोलीत बसून पुस्तक वाचते, ते ध्वनिमुद्रण माझ्याकडे येते आणि छापील पान समोर ठेवून मी ते ऐकते. चुकलेला शब्द, गिळलेला आवंढा, ओठ सुटताना होणारी टिचकी, खुर्चीची कुरकुर, पोटातली गुरगुर, सगळ्यावर खूण करायची. तेवढा तुकडा स्टुडिओत कापून टाकतात. कापलेल्या जागी नुसती पोकळी ठेवून चालत नाही. ऐकणाऱ्याचा पाय खड्ड्यात पडल्यासारखे होते. म्हणून प्रत्येक वाचकाकडून त्या खोलीची शांतताही भरून घेतात. त्याने तोंड मिटून, हात मांडीवर ठेवून नुसते बसायचे. ती शांतता मग ठिगळासारखी लावतात. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. खोली केवढी आहे, पडदे जाड आहेत की पातळ, दार नीट लागले आहे की फट राहिली आहे, हे मला आता नुसते ऐकून सांगता येते.

या हिवाळ्यात मात्र माझ्या हातून चुका सुटू लागल्या. आवंढ्यांसकट एक पुस्तक लोकांपर्यंत गेले. आरहूसच्या स्टुडिओतला त्रोल्स, जो मला काम पाठवतो, रागावला नाही. तो म्हणाला की कान तुझे चांगलेच आहेत, पण इअरफोनचे रबर एकदा बघ. फटीतून बाहेरचा आवाज आत येत असेल तर बारीक गोष्टी त्यात बुडतात. मोठे हेडफोन वापर, असेही त्याने सुचवले. ते मी करू शकत नव्हते. एब्बेला पोचवून आल्यापासून डोक्यावर काहीही दाबलेले मला सोसत नाही, टोपीसुद्धा.

२

म्हणून मी युट्टेला बोलावले. युट्टे माझी नणंद, एब्बेची थोरली बहीण. आमच्या स्ट्रुअर गावात पूर्वी निम्म्या बायका आवाजाची यंत्रे जुळवायला कारखान्यात जायच्या. युट्टे निवृत्त होईपर्यंत इअरफोनच्या विभागात होती. ती आली आणि नेहमीप्रमाणे कोट न काढता आधी तिने सगळ्या खिडक्या उघडल्या. फेब्रुवारीतला फ्यॉर्डच्या खाडीवरचा वारा घरभर फिरला.

"तुझ्या घरात कालची हवा परवापासून बसलेली असते," ती म्हणाली.

तिने बिस्किटांचा पत्र्याचा डबा टेबलावर पालथा केला. आत इअरफोनच्या टोकाला बसवायच्या टोप्या होत्या: पातळ रबराच्या, जाड रबराच्या, दुहेरी झालरीच्या, आणि दाबून आत सोडल्या की फुगणाऱ्या फोमच्या. माझे जुने रबर तिने नखाने दाबून पाहिले आणि हे कडक झाले आहे, बुटाच्या तळव्याला लाव, असे सांगून कचऱ्यात टाकले.

मग तिने माझे कान पाहिले. तिचे म्हणणे, माणसाचे दोन कान कधी सारखे नसतात, आणि तरी लोक दोन्हीकडे एकच माप घालतात आणि मग आवाज पातळ येतो म्हणून यंत्राला शिव्या देतात. मोठे माप म्हणजे घट्ट बसणारे माप नव्हे. मोठे आतून ढकलत राहते, लहान निसटत राहते. बरोबर माप घातल्याचे कळतसुद्धा नाही.

"उजवा तुझा अगदी पोरीसारखा आहे," ती म्हणाली. "लहान माप घे. डावा बघू. अगं, हा तर बराच मोकळा आहे. या कानाने तू माझ्या भावाचं सगळं ऐकून घेतलंस वाटतं."

मी हसले. तिच्याशिवाय त्या महिन्यांत मला कोणी हसवले नव्हते.

डाव्या कानासाठी मधले माप झाले, मग त्यावरचे. शेवटी फोमची टोपी बसली. तिने ती बोटांनी वळून शेवईसारखी बारीक केली, मला माझा कान वर ओढून धरायला सांगितला, आत सरकवली आणि बोट तसेच दाबून धरले. फोम हळूहळू फुगला. आधी वारा गेला, मग फ्रिजची घरघर गेली, मग भिंतीवरचे घड्याळ. युट्टेचे ओठ हलत होते. ती मला गुणगुणायला सांगत होती. मी गुणगुणले, तेव्हा डोक्याच्या मधोमध भुंगा शिरल्यासारखे झाले. बसल्याची खूण तीच. कान बंद झाला की माणसाला बाहेरचे नाही, स्वतःचे ऐकू येते.

दुखते का, असे तिने खुणेने विचारले. अजिबात दुखत नव्हते.

३

त्या आठवड्यात एका वयस्क नटाने वाचलेले पुस्तक आले होते. मी नेहमी आधी शांतता ऐकते. खोलीचे स्वतःचे काय आहे हे कळले, की तिच्यात बाहेरून आलेले काय हे ओळखता येते. नटाची खोली लहान होती, भिंतींना मऊ अस्तर होते, दार नीट लागलेले होते. आणि त्या सगळ्याच्या पलीकडे, खूप दूर, कोणीतरी टाइप करत होते.

मी नोंद लिहिली: शांततेत टायपिंगचा आवाज, पुन्हा भरून पाठवावी. लिहिताना तो आवाज वाढला होता, पण तेव्हा ते माझ्या लक्षात आले नाही.

नवीन शांतता आली. तिच्यातही तेच होते. मी पुन्हा कळवले, तेव्हा त्रोल्सचा फोन आला. त्यांनी तिघांनी मिळून ऐकले होते, यंत्रावरच्या रेघाही पाहिल्या होत्या. काही नव्हते. नट बिचारा दुसऱ्यांदा पुतळ्यासारखा बसला होता, म्हणे, आता तिसऱ्यांदा सांगितले तर श्वास घ्यायचाच सोडून देईल.

"तुझ्याच घरात कोणी टाइप करत नाही ना?" त्याने थट्टेने विचारले.

"माझ्या घरात मीच असते," मी म्हटले.

फोन ठेवल्यावर मी ध्वनिमुद्रण बंद केले आणि हात मांडीवर ठेवले. काही ऐकू आले नाही. मग एक अक्षर दाबले. टक्. लगेच, दूरवरून, दुसरे टक्.

मला सुटल्यासारखे वाटले. कान बंद झाला की स्वतःचे ऐकू येते. बोटांतून, हाडांतून, जबड्यातून माझाच आवाज मला येत होता. हे पटवून घेऊन मी दुपारभर काम केले. पण हाडांतून येणारा आवाज जवळचा असतो, जाडा असतो, त्याला भिंती नसतात. या आवाजाला खोली होती. तो माझ्या टेबलापासून निघत होता, एका दारातून जात होता, कोट टांगलेल्या बोळात मऊ होत होता आणि दुसऱ्या दारातून जाड पडद्यांच्या, कपड्यांच्या कपाटाच्या एका खोलीत पोचत होता. तिथे तो ऐकला जात होता. आणि तिथून मला येत होता.

डाव्या कानातली टोपी काढली की तो जायचा. लहान माप घातले की जायचा. उजव्या कानात तो कधीच नव्हता.

४

मी स्वयंपाकघरात चमचा पाडला. पायाशी पडलेला चमचा मला झोपायच्या खोलीतून ऐकू आला. नळ सोडला, काडी ओढली, पाव कापला. राय या धान्याच्या पावाची साल सुरीखाली करकरते, तेसुद्धा दोन दारांपलीकडून आले.

कारणे शोधायची मला सवय आहे. गरम पाण्याच्या नळ्या घरभर फिरतात आणि त्यांतून आवाज वाहतो. माझी झोप नीट होत नव्हती. दुःखात माणसांना काय काय ऐकू येते यावरची पुस्तकेही मी तपासली आहेत. त्यांतल्या बायकांना नवऱ्याची पावले ऐकू यायची, खोकला ऐकू यायचा. मला एब्बेचे काहीच ऐकू येत नव्हते. मला मीच ऐकू येत होते, जिथे तो पडून असायचा तिथून.

शेवटचे महिने तो त्या खोलीत होता. उशीवर कान दाबले जायचे म्हणून यंत्रे काढलेली असायची. पलंगाच्या कडेवरून हात खाली सोडून बोटे लाकडी जमिनीला टेकवून ठेवायचा. तू चाललीस की लाकूड मला सांगतं, म्हणायचा.

मी त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. पालिकेने आजारपणात दिलेला पलंग परत गेला होता. खोलीत कपाट होते, पडदे होते आणि दुपारचे पांढरे ऊन होते.

"मी आहे," मी म्हटले.

माझा आवाज मला समोरून आला, दारात येऊन उभ्या राहिलेल्या बायकोचा आवाज आत पडलेल्या माणसाला येत असेल तसा.

लोक विचारतात की त्याची आठवण येते का, त्याचा आवाज आठवतो का. कोणाला सांगून समजणार नाही, पण मला सलत होते ते वेगळेच. मी दाराला किल्ली लावते, कप बशीत ठेवते, शिंकते, आणि ते या घरात कोणालाच ऐकू जात नाही. एब्बेला कानाने कमीच जायचे, पण जायचे. आता पुन्हा कोणाला तरी जात होते. मेल्यावर कान बरे होत असतील, असे मी स्वतःला सांगितले.

त्यानंतर डावा कान मी दिवसभर बसवून ठेवू लागले. मी त्याला मोठ्याने बातम्या वाचून दाखवायचे. भांडी जरा वाजवून ठेवायचे. टोपी खरेच इतकी बरोबर बसली होती की ती आहे हे विसरायला व्हायचे.

५

युट्टे रविवारी हेरिंग मासे घेऊन जेवायला आली. खिडक्या उघडून झाल्यावर तिला माझ्या कानातून लोंबणारी, कशालाच न जोडलेली वायर दिसली. तिने विचारले आणि मी सांगून टाकले. ती पावावर लोणी लावत राहिली, लावून झाले तरी.

शेवटी ती म्हणाली, "डोर्टे, माझ्या भावाला बंदरावरचा धुक्यातला भोंगा ऐकू यायचा नाही. आणि आता तो पावाची साल ऐकतो?"

मेल्यावर कान बरे होत असतील, हे वाक्य तिच्यासमोर बोलायला मला धीर झाला नाही.

मग तिने कारखान्यातली गोष्ट सांगितली. इअरफोन तपासायला त्यांच्याकडे कानांचे साचे असायचे, आणि शिवाय माणसेही असायची. माणसाच्या कानात टोपी नीट बसली की त्याला सगळ्यात आधी स्वतःच्या शरीराचा आवाज येतो, श्वास, नाडी, आवंढा. साच्याला तसले काही येत नाही.

"मला एवढंच सांग," ती म्हणाली, "ते जे कोण ऐकतंय, त्याच्या स्वतःच्या अंगाचा काही आवाज येतो का?"

मी ऐकले. माझा श्वास येत होता, लांबून. युट्टेची सुरी येत होती. पण ज्या जागेवरून ते येत होते, त्या जागेचा स्वतःचा म्हणून काहीच आवाज नव्हता. मी मान हलवली.

"म्हणजे तिथे माणूस नाही," युट्टे म्हणाली. "माप घ्यायला ठेवलेलं काहीतरी आहे."

ती हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मला राग आला. तुला हेवा वाटतो, तो तुझ्याकडे न जाता माझ्याकडे राहिला म्हणून, असे काहीतरी मी बोलून गेले. तिने ते मनावर घेतले नाही. तिने फक्त विचारले, "आत्ता कुठे आहे ते? त्या खोलीतच?"

मी होय म्हणणार होते. पण आमच्या दोघींचे आवाज आता एकाच दारापलीकडून येत होते, आणि त्यांच्याभोवती कोटांच्या लोकरीचा मऊपणा होता. ते जे काही होते, ते बोळात आले होते. माझ्या चेहऱ्याकडे पाहून युट्टेने मान वळवली आणि उघड्या दारातून बोळाकडे पाहिले. तिथे कोट टांगलेले होते.

तिने कॉफी घेतली नाही. जाताना माझा हात धरून म्हणाली की चल माझ्याकडे, आणि ते काढून ठेव. मी म्हटले की मग त्याला मी ऐकू येणार नाही.

"नाहीच आली पाहिजेस," ती म्हणाली. "तो माझा भाऊ असता तर मी तुला सांगितलं असतं का काढायला?"

६

दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन पडले. छपरावरून बर्फाचे पाणी गळत होते. मी ठरवले की युट्टे म्हणते ते खरे की मी म्हणते ते, हे एकदा पाहून टाकायचे. मी दोन्ही कान बसवले आणि घरातून चालू लागले. माझी पावले मला जिथून सगळ्यात जवळून ऐकू येतील, तिथे ते असणार.

बैठकीच्या खोलीत मी दूर होते. बोळात जवळ आले, पण कोटांपाशी उभी राहिले तेव्हा पुन्हा दूर झाले. ते मागे सरकले होते. मी झोपायच्या खोलीत शिरले. एकेक पाऊल मोठे होत गेले. लाकूड कुठे दबते, मोजा जमिनीवर कसा घासतो, सगळे स्पष्ट होत गेले. कपाटापाशी आले तेव्हा माझ्या स्वेटरच्या बाहीची खसखस ऐकू आली. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये झाडू ठेवण्यापुरती फट आहे. मी तिच्यासमोर उभी राहिले, तसा माझा श्वास मला समोरून आला, चेहऱ्याला चेहरा लावून उभ्या राहिलेल्या माणसाला दुसऱ्याचा येतो तितका जवळून.

फटीत अंधार होता. झाडू होता. झाडूच्या मागे भिंत असायला हवी त्यापेक्षा थोडी जागा जास्त होती.

"एब्बे," मी म्हटले. कुजबुजीहूनही हळू म्हटले, नुसत्या ओठांनी.

ते मला नीट ऐकू आले. शब्दाआधी ओठ सुटल्याची टिचकीसुद्धा आली, जिच्यावर मी खूण केली असती. मी तोंड मिटले आणि थांबले. तो काही बोलेल, लाकडावर बोट वाजवेल, काहीही करेल, याची वाट पाहिली.

आधी टिचकी आली. मग "एब्बे." माझ्याच आवाजात, माझ्याच हळूपणाने. माझे तोंड मिटलेले होते. थोड्या वेळाने पुन्हा आले, आणि या वेळी टिचकी नव्हती. ती चूक काढून टाकलेली होती.

एब्बे स्वतःला हाक कशाला मारेल?

मी मागे सरकले. माझे पाऊल मागे पडल्याचे मला ऐकू आले, माझ्यापासून दूर जाणारे. मग आवंढा गिळल्याचा आवाज आला, पहिल्यांदाच, अगदी जवळून, बंद कानात स्वतःचा येतो तसा. मी गिळला नव्हता.

७

त्यानंतर सगळे सुरळीत आहे. मी टाइप करते तेव्हा आवाज बोटांखालून येतो. नळ नळापाशी वाजतो, चमचा पायाशी वाजतो. डाव्या कानात आणि उजव्या कानात काही फरक उरलेला नाही.

त्रोल्स खूश आहे. इतके स्वच्छ काम पूर्वी कधी आले नव्हते, असे तो म्हणाला. तो बोलत असताना त्याच्या खुर्चीचे एक चाक कोरडे झाल्याचे मला ऐकू आले, ते मी त्याला सांगितले, आणि तो खुर्चीतून उठल्याचेही ऐकू आले.

युट्टेचा रोज फोन येतो. मी ते काढून ठेवले आहे आणि आता काही ऐकू येत नाही, हे सांगितल्यावर ती फोनवरच रडली. माझा आवाज बरा वाटतो, म्हणाली, मोकळा वाटतो. पुढच्या आठवड्यात तिच्या भावाचा वाढदिवस आहे. थडग्यावर फुले ठेवायला जाऊ या का, असे तिने विचारले. मी येईन म्हटले. तशा वेळी आवाज किंचित खाली आणून, एक श्वास थांबून बोलायचे असते, तसे बोलले.

फक्त दुपारी, घर अगदी शांत असताना, कपाट सरकवून फट बंद केली आहे तिथून एक बाई हाक मारते. हाक एकाच नावाची असते. ती ओरडत नाही. प्रत्येक हाकेआधी तिच्या ओठांची टिचकी होते. कोणी ऐकत असेल अशा विश्वासाने ती थांबते, आणि मग पुन्हा मारते. तशी काही अडचण नाही, पण कामात व्यत्यय येतो.

युट्टेच्या डब्यात फोमचे आणखी एक माप होते, सगळ्यात मोठे. आज ते दोन्ही कानांत घालून पाहिले. बारीक वळले, कान वर ओढून आत सरकवले, बोट दाबून धरले. फोम फुगत गेला तशी तिची हाक पातळ होत गेली आणि मग बंद झाली.

कुठेही दुखत नाही. अगदी मापाचे आहे.